खोल बर्फात मागे झुकण्याचा सल्ला आणि त्यातली गडबड

"खोल बर्फ असो वा तीव्र उतार, वजन मागे टाका. स्कीची टोकं वर राहतात, वळण सोपं जातं." स्की शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला बिनदिक्कत फिरतो. त्यातला आणि त्याच्यासोबत ऐकू येणारा एकेक दावा तपासून पाहू.

मागे झुकल्यानेच टोकं तरंगतात. नाही. स्की तरंगते ती रुंदीमुळे, घडणीतच वर वळलेल्या पुढच्या टोकामुळे आणि वेगामुळे. वेगच नसेल तर कितीही मागे झुका, ती बुडणारच. उलट मागचं टोक खोल रुततं आणि रुतलेलं टोक बाजूला सरकत नाही, म्हणून वळण सुरू होतानाच अडतं. घोटे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली आणि भार तळव्याच्या मध्यावर, असं उभं राहायचं. भार दोन्ही स्कींवर जवळपास सारखा हवा. टणक बर्फावर बाहेरच्या स्कीवर दाबून उभं राहायची सवय इथे नडते: ती स्की बुडते, दुसरी वरच राहते आणि पाय फाकतात.

खांदे फिरवले की स्की फिरते. फिरते, पण धड गरजेपेक्षा जास्त वळतं आणि पुढच्या वळणाआधी ते परत आणण्यात वेळ जातो. तीव्र उतारावर तो वेळ नसतो. छाती खाली दरीकडे, पाय कमरेखालून फिरणारे, पोल (हातातली काठी) बुटापासून उताराच्या खालच्या बाजूला टेकवलेला.

मागे झुकणं निदान सुरक्षित तरी आहे. हा सगळ्यात घातक दावा. डोंगराकडे रेललात की खालच्या स्कीवरचा दाब जातो, तिची बर्फात रोवलेली कड सुटते. नितंब गुडघ्यांच्या खाली गेले आणि खालच्या स्कीच्या मागच्या भागाची आतली कड बर्फात अडकली, तर गुडघा पिळवटून त्यातला अस्थिबंध फाटू शकतो. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, विसंबू नका: नेहमीचं बाइंडिंग बुटाच्या पुढच्या टोकाला पिळा पडला किंवा टाच वर उचलली गेली की सुटतं, अशा पडण्यात मात्र बऱ्याचदा सुटत नाही.

मांड्या दमतात, म्हणजे व्यायाम कमी पडतो. बहुधा बैठक चुकते. उंचवट्यांवर चढताना गुडघे-कंबर दुमडा, खळग्यात उतरताना पाय लांबवा आणि पायाची बोटं खाली दाबा, म्हणजे स्कीचं पुढचं टोक बर्फाला चिकटून राहतं.

सरावाला आधी मध्यम उतार घ्या. उताराला आडवं उभं राहून स्कीच्या कडा सैल करत काही मीटर सरळ खाली घसरा, मग कडा रोवून थांबा. घसरताना पुढची टोकं सतत खाली वळत असतील तर भार जास्त पुढे आहे, मागची वळत असतील तर मागे. ही घसरण दोन्ही बाजूंनी सरळ जमेपर्यंत तीव्र उतारावर जाऊ नका.