बीजीपी नेबर ‘दोन मिनिटांत अप’ करणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मंगळवारी रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन. “मामा, एक अपस्ट्रीम पडला, आणि दुसऱ्यावरूनही काही हलत नाहीये.” तालुक्याच्या गावी एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे तो नोकरीला आहे. दोन मोठ्या कंपन्यांच्या लिंक (त्याच त्याच्या ‘अपस्ट्रीम’), दोन्हींकडून फुल टेबल, म्हणजे अख्ख्या इंटरनेटच्या रस्त्यांची (राउटची) यादी, आणि मध्ये राउटर म्हणून एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर चालवणारा एक सर्व्हर. काय बदललंस विचारलं, तर म्हणे, “ग्रुपवर आलं होतं तसंच केलं.”

तो मेसेज गेल्या महिन्यात मलाही तिघांनी पाठवला होता. “बीजीपी नेबर दोन मिनिटांत अप! २० वर्षांच्या अनुभवाची ६ सिक्रेट्स. सेव्ह करून ठेवा.” (बीजीपी म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना ‘हे पत्ते माझ्याकडून मिळतील’ असं सांगायची भाषा, नेबर म्हणजे समोरचा राउटर, आणि दोघांमधलं चालू बोलणं म्हणजे सेशन.) तेव्हा हसून सोडून दिला. चूक माझीच.

सगळं रामायण घडलं ते चौथ्या सिक्रेटमुळे. ते असं: “नेबर अप आहे पण राउट येत नाहीत? नव्या व्हर्जनचा बग आहे. ‘परमिट १०’ एवढाच रिकामा राउट-मॅप बनवा आणि इन-आउट दोन्हीकडे लावा. फिल्टर वगैरे अपस्ट्रीमवाले बघतात.”

राउट-मॅप म्हणजे कोणते राउट घ्यायचे-द्यायचे याचे नियम, रिकामा ‘परमिट’ म्हणजे सगळंच चालेल. आणि बग म्हणे! जुलै २०१७ चा आरएफसी ८२१२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) उघडून बघा, छोटासाच आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय: ईबीजीपी, म्हणजे दोन वेगळ्या नेटवर्कमधल्या, सेशनवर इम्पोर्ट पॉलिसी (काय आत घ्यायचं याचं धोरण) नसेल, तर आलेले राउट निवडीसाठी धरायचे नाहीत, एक्सपोर्ट पॉलिसी नसेल, तर काहीही जाहीर करायचं नाही. बीजीपीच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ४२७१ मध्ये, मुद्दाम केलेली ही दुरुस्ती आहे. एफआरआर तर समरीमध्ये प्रीफिक्सच्या (पत्त्यांच्या गटांच्या) आकड्याच्या जागी कंसात ‘पॉलिसी’ असं लिहूनच दाखवतो. बिचारा बॉक्स सांगतोय की आधी धोरण लिही, आणि हे सिक्रेटवाले त्याचं तोंड बंद करायचा उपाय वाटत फिरतायत.

आता रिकामा राउट-मॅप बाहेरच्या दिशेला लावला की काय होतं? पहिल्या कंपनीकडून शिकलेले राउट तुमचा राउटर दुसऱ्या कंपनीला सांगतो, दुसरीकडचे पहिलीला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! जगाला तुम्ही सांगताय की इंटरनेट आमच्या घरातून जातं. वर आणखी एक गंमत. कंपन्या साधारणपणे ग्राहकाकडून आलेल्या राउटला जास्त लोकल प्रेफरन्स (पसंतीचे गुण) देतात, कारण ग्राहकाकडच्या ट्रॅफिकचे पैसे मिळतात. त्यामुळे त्यांच्याकडे चांगला रस्ता असूनही त्या तुमचाच धरतात, आणि मोठमोठ्या नेटवर्कचं ट्रॅफिक तालुक्यातल्या त्या एका सर्व्हरवर येऊन आदळतं.

भाच्याचं नशीब बरं. एका कंपनीने त्याच्या सेशनवर ५० प्रीफिक्सची मर्यादा लावून ठेवली होती. लाखो राउट येताहेत म्हटल्यावर तिने सेशनच तोडलं. दुसरीने अशी मर्यादा लावलेली नसावी.

“अपस्ट्रीमवाले बघतात” या वाक्याचं उत्तर २४ जून २०१९ ला मिळालंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेव्हा अ‍ॅलेगेनी टेक्नॉलॉजीज नावाची धातू बनवणारी कंपनी होती. तिलाही दोन अपस्ट्रीम, डीक्यूई आणि दूरसंचारातली बडी व्हेरायझन. डीक्यूईच्या नेटवर्कमधल्या एका ऑप्टिमायझरने (ट्रॅफिक वळवणाऱ्या यंत्रणेने) राउटचे बारीक तुकडे केले होते. ते तिथून या कंपनीकडे आले आणि तिने व्हेरायझनला दिले. व्हेरायझनने ते गाळणी न लावता पुढे जगभर पसरवले. वेबसाइटना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ऐन वेळी त्यांचं जगभरातलं सुमारे १५ टक्के ट्रॅफिक गायब होतं. व्हेरायझनसारख्यांनी बघितलं नाही, तर तुमचा अपस्ट्रीम बघेल हे कशावरून?

बाकीच्या सिक्रेटांवर फार वेळ घालवत नाही.

“स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की समजा चालू झालं.” हे लिहिणाऱ्याने वीस वर्षं नेमकं काय केलं? अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अजून टीसीपी कनेक्शनसाठीच धडपड चालू आहे. पोर्ट १७९ अडलेला असेल, नेबरचा आयपी चुकला असेल, नाहीतर समोरच्याने अजून कॉन्फिगच केलं नसेल. सेशन लागलं की सिस्कोच्या समरीत त्या जागी शब्द न दिसता आकडा दिसतो.

“अप होत नसेल तर ईबीजीपी-मल्टिहॉप २५५ टाका.” रोग रेड्याला, औषध पखालीला. थेट जोडलेल्या नेबरसाठी टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) १ असतो तो मुद्दाम. तिथे मल्टिहॉप (दूरच्या नेबरसाठीची सूट) लागतोय म्हणजे व्हीलॅन, सबनेट किंवा पत्ता चुकलाय. लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या आभासी पत्त्यावरून) सेशन करायचं असेल तर मल्टिहॉप हवा हे खरं, पण त्याला २ पुरतो. शेजारी खरंच शेजारीच आहे याची खात्री हवी असेल, तर टीटीएल सिक्युरिटी वापरा. त्यात पॅकेट २५५ ने निघतं आणि वाटेत कमी झालं असेल तर टाकून दिलं जातं.

“टायमर १ आणि ३ करा, फास्ट होतं.” होल्ड टाइम (समोरून काही आलं नाही तर वाट पाहायची मुदत) शून्य नसेल तर किमान ३ सेकंद हवा, म्हणजे तुम्ही अगदी कड्यावर उभे आहात. सीपीयू जरा गुंतला की सेशन फ्लॅप, म्हणजे पडतं-उठतं. लवकर कळायला हवं असेल तर बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारी वेगळी पद्धत) आहे.

“बदल केला की क्लिअर आयपी बीजीपी स्टार.” त्या स्टारने सगळीच्या सगळी सेशन पडतात. सॉफ्ट क्लिअर, म्हणजे सेशन न तोडता राउट पुन्हा घेणं-देणं, कशासाठी आहे मग? राउट रिफ्रेश सप्टेंबर २००० पासून आरएफसी २९१८ मध्ये आहे.

उरलेल्या एकात, “एएस नंबर आणि पासवर्ड दोन्हीकडे जुळवा, एमडी५ जुना झालाय”, मात्र तथ्य आहे. रिमोट-एएस (समोरच्या नेटवर्कचा नंबर) चुकल्याने सेशन न लागणं रोजचंच, आणि एमडी५ (पासवर्डने सेशन राखायची पद्धत) जुना आहेच. २०१० पासून त्याच्या जागी टीसीपी-एओ आहे. पण अपस्ट्रीम एमडी५च मागत असेल तर निमूट लावा. काहीच नसण्यापेक्षा बरा.

त्या रात्री भाच्याला फोनवर सांगितलं ते एवढंच: बाहेर जाताना प्रीफिक्स-लिस्टमध्ये फक्त आपले पत्त्यांचे दोन ब्लॉक. आत येताना आपलेच ब्लॉक, खासगी पत्ते आणि /२४ (२५६ पत्त्यांचा गट) पेक्षा बारीक तुकडे नाकारायचे. मॅक्सिमम-प्रीफिक्स लावायचं. मग अपस्ट्रीमला फोन करून सेशन चालू करायला सांगायचं, आणि ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड-राउट्स’ची कमांड दोन्ही नेबरवर चालवून आपण काय बोलतोय ते स्वतः वाचायचं.

पहाटे दोनला त्याने स्क्रीनचे दोन फोटो पाठवले. प्रत्येकात दोनच ओळी होत्या.