अलाइनमेंटच्या आधी सांधे का बदलले: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी सरळ धरत नव्हती, सारखं स्टिअरिंग सावरावं लागत होतं, आणि खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायची. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवणं, नुकतीच दुसरीकडे झाली होती. तरी आम्ही डाव्या बाजूचा टाय रॉड एंड आणि रॅक एंड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या रॉडचा बाहेरचा आणि आतला सांधा) बदलला, पुन्हा अलाइनमेंटचे पैसे लावले, आणि एवढं करून थोडी खडखड राहिलीच. शिवाय स्टिअरिंग जड झालं. काढलेले पार्ट "दिसायला चांगलेच होते", असंही तुम्ही लिहिलंय.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. टाय रॉड एंड काय किंवा रॅक एंड काय, झिजलेला असला तरी बाहेरून चांगलाच दिसतो. आत स्टीलचा गोळा एका वाटीत फिरतो, भोवती ग्रीस असतं, आणि झीज होते ती या गोळ्या-वाटीत. बाहेरच्या लोखंडाला काहीच होत नाही. तुमच्या टाय रॉड एंडचा रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) खालच्या बाजूने चिरलेला होता. बूट फाटला की ग्रीस बाहेर पडतं, पाणी आणि बारीक धूळ आत जाते, आणि मग तो सांधा झपाट्याने संपतो. जुना पार्ट हातात घेऊन त्याचा दांडा अंगठ्याने हलवून बघा. नवा दांडा फिरवायला जोर लागतो. तुमचा जुना स्वतःच्या वजनाने एका बाजूला कलंडतो, आणि गोळा वाटीत वर-खाली हललेला बोटाला कळतो.

तुमच्या मित्राने चाक हलवून पाहिलं आणि "काही प्ले (ढिलाई) नाही" म्हणाले, हे मला पटू शकतं. चाक जमिनीवर असताना किंवा एकट्याने हलवताना हा दोष सहज निसटतो. आम्ही गाडी उचलून चाक दोन्ही बाजूंना आडवं धरून हलवलं, तेव्हा बारीक टकटक जाणवली. पण ती नेमकी कुठून येते, हे चाक धरणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने खाली राहून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. रॅक एंड तर रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्याच्या) घडीदार बुटाच्या आत लपलेला असतो. तो बूट दाबून आतला सांधा बोटांनी पकडावा लागतो. मग गाडी खाली घेऊन, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवून तेच पुन्हा पाहिलं. वजन चाकांवर असताना जो सांधा हलतो, तोच रस्त्यावरही हलत असतो. दोन्ही वेळा हाताला तेच दोन सांधे लागले.

चाक वर-खाली धरूनही हलवलं होतं, कारण तिथे प्ले निघाला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा चाकाच्या बेअरिंगवर संशय जातो. तिथे काही नव्हतं. उजव्या बाजूचे दोन्ही सांधे घट्ट होते, ते तसेच ठेवले. रॅकमध्येही आवाज नव्हता. अशा खडखडीत पूर्ण रॅक बदलून टाकणं सोपं असतं आणि बिलही मोठं होतं. पण ज्या पार्टमध्ये दोष हाताला लागला नाही, त्याला आम्ही हात लावत नाही.

आता अलाइनमेंट. तुमची पहिली अलाइनमेंट मशीनवर बरोबरच आली असेल, त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. अडचण अशी की मशीन मोजतं ते उभ्या गाडीचं. सांधा ढिला असेल तर तो त्या क्षणी जिथे टेकलेला असतो तेवढंच माप मिळतं. गाडी धावायला लागली, ब्रेक दाबला, खड्डा आला की चाक त्या ढिलाईएवढं फिरतं आणि लावलेलं टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते माप) रस्त्यावर राहतच नाही. तुमच्या पुढच्या डाव्या टायरवर तळहात आडवा फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत लागतो, उलट फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. चाक बरेच दिवस तिरकं घासत होतं, त्याची ही खूण.

टाय रॉडच्या आट्यांवरच टो लावतात. तिथला पार्ट बदलला की लांबी बदलते. जुन्या पार्टचे आटे मोजून नवा तितकाच बसवला, तरी ते फक्त गाडी मशीनपर्यंत न्यायच्या लायकीचं होतं. त्यामुळे पुन्हा अलाइनमेंट करणं भाग होतं. ती टाळून गाडी दिली असती तर नवे पार्ट लावूनही टायर खाल्ला गेला असता, आणि तेव्हा तुमची तक्रार शंभर टक्के खरी ठरली असती.

राहिलेली खडखड स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची आहे. जॉब कार्डवर ते लिहिलेलं आहे आणि "सध्या नको" हा तुमचा निर्णयही. तो निर्णय चुकीचा नव्हता. लिंक रॉडचा त्रास मुख्यतः आवाजाचा असतो, थोडं थांबता येतं. टाय रॉडचं तसं नाही. तो सांधा सुटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकतच नाही, मग वेग कितीही असो. म्हणून तिथे मी आग्रह धरला, आणि पुन्हाही धरेन.

स्टिअरिंग जड झाल्याबद्दल: नवे सांधे सुरुवातीला घट्ट असतात, आणि आधीच्या ढिल्या स्टिअरिंगची हाताला सवय झालेली असते. थोडं चालवल्यावर हा फरक जाणवेनासा होतो. मात्र एक तपासा. वळणावरून बाहेर पडताना पकड सैल केली की स्टिअरिंग आपणहून सरळ येतं का? येत नसेल, मध्येच अडकत असेल, किंवा डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल, तर वाट पाहू नका, लगेच गाडी आणा. त्या तपासणीचे पैसे घेणार नाही.

काढलेले दोन्ही पार्ट बिलासोबत पिशवीत दिले आहेत. ते फेकू नका. तुमच्या विश्वासातल्या कोणत्याही मेकॅनिकला दाखवा, हवं तर त्यांना घेऊनच या. गाडी रॅम्पवर चढवू, उजव्या बाजूचा जुना सांधा आणि डाव्या बाजूचा नवा, दोन्हींवर त्यांना हात ठेवू दे, आणि चाक तुम्ही स्वतः हलवा.