लेखन शिकून पोट भरतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लहान कॉलेजात लेखन शिकण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. तुमचं म्हणणं असं : लेखन मुळात शिकवता येत नाही, आणि येत असलं तरी लहान कॉलेजात ते शिकून कुणाला नोकरी लागत नाही. ‘नोकरीची चिंता नको’ असं लिहून मी तुमच्या मुलीसारख्यांना भरीला घालते आहे.

ते वाक्य मागे घेते. लिहिण्याच्या भरात गेलं, पण चुकीचं होतं. चिंता हवीच.

पहिल्या मुद्द्यावर तर तुमच्या बाजूला बडी मंडळी आहेत. अमेरिकेतली आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा 1936 पासून चालू आहे आणि लेखन शिकवता येत नाही, लेखकाला उत्तेजन देता येतं, अशीच तिची स्वतःची भूमिका आहे. पण आपलंच लिहिलेलं पुन्हा लिहायला शिकवता येतं, आणि तिथे लहान कॉलेज उपयोगी पडतं. कथाकार रेमंड कार्व्हर 1958 साली कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेट या तेव्हा छोट्याच असलेल्या कॉलेजात शिकायला गेला. जॉन गार्डनर हे त्याचे शिक्षक. तेव्हा स्वतःचं फारसं काही छापून न आलेले. ते कार्व्हरच्या कथेतले काही शब्द सरळ खोडायचे, त्यावर चर्चा नाही. काही शब्दांना नुसता कंस घालायचे : यावर बोलू. घरी लिहायला निवांत जागा नाही म्हणून त्यांनी आपल्या ऑफिसची किल्लीही त्याला दिली होती. दोनशे मुलांच्या वर्गात कुणाच्या कागदावर असे कंस पडतील?

आता पुढचं. याच कार्व्हरने नंतर इस्पितळात सफाईकाम केलं, 1967 साली पाठ्यपुस्तकांच्या संपादनाची नोकरी मिळाली, आणि मोठ्या प्रकाशकाकडून पहिला कथासंग्रह यायला 1976 उजाडलं. म्हणजे उदाहरण तुमच्याही कामाचं आहे! पण ती संपादनाची नोकरी नजरेआड करू नका. लेखन शिकलेले बहुतेक जण अशाच कामांवर जगतात : माहितीपुस्तिका, जाहिराती, सबटायटल्स, संस्थांचे निधीसाठीचे प्रस्ताव, औषधांची माहितीपत्रकं, अ‍ॅपमधला मजकूर. पदाच्या नावात ‘लेखक’ शब्द क्वचितच असतो.

मी स्वतः अ‍ॅपचा मजकूर लिहिते. परवा माझ्याकडे सुधारायला एक सूचना आली : ‘अवैध माहिती. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ तासाभराच्या खटपटीनंतर तिचं झालं : ‘मोबाइल नंबरात 10 आकडे लागतात, इथे 9 आहेत.’ तो तास लिहिण्यात गेला नाही. नेमकं काय चुकलं हे प्रोग्रॅमरकडून काढून घेण्यात गेला. आपल्याला कळलं म्हणजे वाचणाऱ्याला कळलं असं नाही, ही जाणीव मला कॉलेजात झाली. बाराजण माझी कथा वाचून आलेले, त्यांचं बोलून होईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही असा नियम. पात्र मेलंय हे आठजणांना समजलंच नव्हतं. मला वाटत होतं, किती सूचक लिहिलंय.

लहान कॉलेजाची उणी बाजू मी मूळ लेखात लिहिली नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. ओळखी कमी मिळतात. कॅम्पसवर कंपन्या येत नाहीत. शिक्षक एकच असले तर त्यांचीच आवड सगळ्या वर्गाच्या लिखाणात उतरते. आमच्या वर्गात तीन वर्षं सगळेजण तोकडी वाक्यं लिहीत होते. आणि कर्ज काढून तर हे शिकूच नये, असं माझं मत आहे.

मुलीला घेऊन कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि शिक्षकांनी तपासून परत दिलेला त्याचा एखादा मसुदा दाखवायला सांगा. समासात नुसतं ‘छान’ आणि सही असेल, तर दुसरं कॉलेज बघा.