उणे दोन ओ

आमच्या भजनी मंडळात कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेणारा मी एकटाच. त्यामुळे मागच्या वर्षी "यंदा कोजागरीला डिजिटल मिक्सर देतो," असं साउंडवाले अण्णा म्हणाले, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी जीएसटीची रिटर्न भरतो, हे सांगून पाहिलं. "म्हणजे तेच की," अध्यक्ष म्हणाले.

अण्णांचं दुकान पंचवटीत. त्यांनी पेनड्राइव्ह हातावर ठेवला. "मागच्या प्रोग्रामचा सीन आहे यात. घरी उघडा, नावं बदला, सेव्ह करा. बाकी कशाला हात लावू नका." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

सीन म्हणजे मिक्सरची सगळी मांडणी: कुठला मायक किती उघडा, कुणाला किती एको, सगळं एका फाइलीत. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर अख्खा मिक्सर दाखवतं, खरा मिक्सर अण्णांच्या गोडाऊनमध्ये झोपलेला असला तरी. पण चॅनलच्या, म्हणजे एकेका मायकच्या लाइनीच्या, नावाला अक्षरं मोजून बारा, आणि तीही रोमन. त्या लिपीत टाळ आणि ताल एकच. डग्गा लिहिला तर पेटीवाले काका "दगा कोण देतंय?" म्हणून विचारणार. ३२ चॅनल, प्रत्येकाला चार क्लिक. सातव्या चॅनलला मनगट बोलू लागलं.

तेव्हा मला शोध लागला, की ही फाइल साधी मजकुराची आहे, नोटपॅडमध्येही उघडते. आत नाशिकच्या पत्त्यांसारख्या ओळी. आधी रविवार कारंजा, मग बोळ, मग वाडा, तसं तिरकी रेघ, चॅनल, तिरकी रेघ, नंबर, आणि पुढे आकडे. नावं पाच मिनिटांत बदलून झाली. इथे थांबणारा माणूस सुखी असतो. मला मात्र दिसलं, की जागोजागी आकड्याऐवजी उणे चिन्ह आणि पुढे दोन इंग्रजी ओ आहेत. शून्य टाइप करताना कुणाचं तरी बोट घसरलेलं दिसतंय! हिशोबात उणे शून्य नसतं, हे मला पक्कं ठाऊक. 'सगळे बदला' दाबलं आणि सगळीकडे स्वच्छ शून्य करून समाधानाने झोपलो.

ते दोन ओ म्हणजे अनंताचं चिन्ह होतं. डेसिबलमध्ये (यातला बेल त्र्यंबकच्या बेलाचा नव्हे, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचा) शून्य म्हणजे शांतता नाही. शून्य म्हणजे फेडर, आवाज कमीजास्त करायची सरकती खुंटी, चांगला वर, आलेला आवाज जसाच्या तसा पुढे. शांतता हवी तर उणे अनंत. एवढं अध्यात्म मंडळात इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

गंगापूर रोडच्या लॉन्सवर साडेनऊला मी सीन लोड केला. या डिजिटल मिक्सरचे फेडर मोटारीवर चालतात. तळाशी निजलेले सगळे एकदम सर्रकन वर आले, आरतीला मंडळी उठावीत तसे. त्याच क्षणी मॉनिटरांनी, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरांनी, अशी शिट्टी मारली, की पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर कानावर घेतला. अण्णा धावत येईपर्यंत मी मिळेल ते खाली ओढत होतो. शिट्टी थांबली, आणि सूचनांसाठी दुधाच्या कढईपाशी ठेवलेला मायक, ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं, स्वच्छ बोलू लागला.

"पाणी घाल अजून दोन तांबे. केशर? ते खजिनदारांच्या वहीत आहे, कढईत नाही."

लॉन्सवर उणे अनंत शांतता पसरली. खजिनदार चंद्राकडे बघत राहिले.

अण्णांनी खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढून मूळ सीन लावला. मला काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या आणि मिक्सरच्या मध्ये खुर्ची टाकून बसले.

यंदाच्या बैठकीत मी स्वतःहून राजीनामा दिला. तो नामंजूर झाला. बाहेर चपला घालताना सहसचिवांनी हळूच बाजूला घेतलं, "ते कढईजवळचं चॅनल... यंदाही तसंच ठेवता येईल का हो?"