नकाशात नाही म्हणजे वस्ती नव्हती, असं कसं?
जुन्या नकाशांवरचा तुमचा लेख आवडला, पण "जुन्या नकाशात ज्या पठारावर काहीच दाखवलेलं नाही तिथे वस्ती नव्हती" हे अजिबात पटलं नाही. माझी आजी कोयना खोऱ्यातली, तिचं गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात गेलं, १९६४ ला धरण पूर्ण व्हायच्या आधीच सगळे उठले, आणि ते गाव एक इंचाला एक मैलवाल्या जुन्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या तपशीलवार नकाशावर) नावासकट आहे, पण वरच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा धनगरवाडा, जिथून तिच्या घरी तूप यायचं, त्याचा साधा ठिपकासुद्धा नाही.

मागच्या मे महिन्यात तीच शीट मोबाईलवर टाकून आम्ही वर गेलो. नकाशात नुसती पायवाटेची तुटक रेघ, आणि प्रत्यक्षात कारवीच्या जाळीत तीन जोती, अर्धं फुटलेलं जातं, शेंदूर लावलेला एक दगड. कुडाच्या झोपड्या, गुरांमागे जागा बदलणारी माणसं, सर्व्हेवाले आले तेव्हा ती तिथे असतीलच असं नाही ना! आम्हाला ती जागा सापडली ती खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांमुळे, प्रत्येक वळणाचं नाव त्यांना तोंडपाठ. कृपया लेखात एवढं तरी घाला की शीट घेऊन आधी अशा माणसांकडे जा, आता फार थोडी उरलीत.