‘पाहुण्यांना कशाला मोजता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

कुवेतच्या लोकसंख्येवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. परदेशी कामगार हे पाहुणे, आज आहेत आणि उद्या जातील. त्यांना लोकसंख्येत धरून मी ‘स्थानिक अल्पसंख्य’ असा उगाच बाऊ केला, हा पहिला. मृत्युदर कमी असण्याचं सगळं श्रेय मी दवाखान्यांना देऊन टाकलं, हा दुसरा.

दुसरा आधी घेते, कारण तिथे माझंच चुकलं. सरकारी दवाखाने चांगले आहेत, पण मृत्युदर इतका खाली दिसतो तो मुख्यतः वयामुळे. परदेशी कामगार पंचविशी-तिशीत येतो, तोही वैद्यकीय तपासणीत पास होऊन. हातपाय थकले की गावी परततो. त्याचं दुखणं आणि मरण केरळात, आंध्रात, रत्नागिरीत नोंदलं जातं. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

‘पाहुणे’ हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. तेलाची निर्यात सुरू झाली १९४६ मध्ये. १९५७च्या पहिल्या जनगणनेत २ लाख ६ हजार माणसं भरली, त्यांत ४५ टक्के बाहेरची. १९६५च्या जनगणनेत तर कुवेती निम्म्याहून कमी झाले होते. आज सुमारे ५० लाखांत नागरिक १५ लाखांच्या थोडे वर, आणि एकटे भारतीयच १० लाखांच्या घरात. इतकी माणसं बाजूला ठेवून पाणी, वीज, शाळांचा हिशेब कसा मांडायचा?

आम्ही कुवेतमधल्या फाहाहील या भागाजवळ सतरा वर्षं राहिलो. माझी मुलगी तिथेच जन्मली. तिच्या सिव्हिल आयडीवर राष्ट्रीयत्व भारताचं, आणि मुदत संपायची तारीख तिच्या बाबांच्या अकाम्याला, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याला, बांधलेली. तिथे नागरिकत्व मिळतं ते वडिलांकडून, जन्मभूमीवरून नाही. शाळेतल्या बाईंनी ‘तू कुठली?’ विचारलं की ती ‘फाहाहीलची’ म्हणायची. तिला पाहुणी म्हणताना माझी जीभ अडखळते.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दापोलीकडचे एक शिंपीकाका राहायचे, एका खोलीत सात जण. बायको-मुलं गावी, कारण कुटुंब आणायला लागणाऱ्या किमान पगारात ते कधी बसलेच नाहीत. ती अट २०२४च्या जानेवारीत ८०० दिनारवर गेली. काकांसारख्या कारागिराला ही रक्कम स्वप्नातही दिसायची नाही. कुवेतचा वयोगटांचा आलेख पाहा, पुरुषांच्या बाजूला पंचविशी ते पन्नाशीपर्यंत मोठं पोट सुटलेलं आहे. ते पोट व्हिसाच्या नियमांनी वाढवलंय. म्हणून मी म्हणते, या देशाची लोकसंख्या समजून घ्यायची तर प्रसूतिगृहापेक्षा व्हिसाच्या खिडकीकडे आधी बघावं लागतं.

‘ते गेले तरी देश आहे तसाच राहील,’ असंही तुम्ही लिहिलंय. १९९० आठवा. इराकच्या आक्रमणाआधी तिथे सुमारे ४ लाख पॅलेस्टिनी होते. १९४८ नंतर आलेले. शिक्षक, इंजिनियर, कारकून. हवल्ली भाग त्यांचाच. युद्ध आणि पॅलेस्टिनी नेत्यांनी इराकची बाजू घेतली म्हणून कुवेतींना आलेला राग, यांत बहुतेकांना निघून जावं लागलं. भारतीयही गेले, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आपल्या सरकारने विमानांनी परत आणली, बरीचशी अम्मानहून मुंबईला. मग काय झालं? शाळा, दवाखाने, दुकानं चालवायला पुन्हा माणसं बोलवावीच लागली, या वेळी भारतातून, इजिप्तमधून, बांगलादेशातून. जून २०२० मध्ये पंतप्रधान शेख सबाह अल खालिद म्हणाले होते की परदेशी ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर यायला हवेत. प्रमाण आजही सत्तरच्या जवळपासच आहे.

आपल्याच देशात आपण तिघांतले एक, याने कुवेती माणसाला होणारी घालमेल मला कळते. शेजारच्या उम्म अहमद हे अनेकदा बोलून दाखवायच्या आणि मी ऐकून घ्यायचे. त्यांचं खोटं नव्हतं. पण घरातला स्वयंपाक, गाडी, नातवाची शिकवणी, सगळं बाहेरून आलेल्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

बिदून, म्हणजे कुठलंच नागरिकत्व नसलेले लाखभर लोक, माझ्या लेखात राहून गेले. त्यांच्यावर वेगळं लिहीन.

शिंपीकाका २०१९ मध्ये कायमचे परतले. त्याच आठवड्यात त्यांच्या खाटेवर नवा मुलगा आला, तेवीस वर्षांचा.