दहावीनंतर गाणं कुठे जातं?

२५ एप्रिल २०२५ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कोरियन पियानोवादक युनचान लिम एकट्याने जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना वाजवणार होता. वय वर्षं २१. बॉस्टनहून बसने जायचं मी ठरवलं होतं, तिकीट काढून ठेवलं होतं. ते काढलं त्याच आठवड्यात पुण्याहून ताईचा फोन आला. भाचीचा गाण्याचा क्लास बंद केला म्हणाली. “अगं, गांधर्वच्या परीक्षा झाल्या, शाळेने गुणांचा प्रस्तावही पाठवला. आता दोन वर्षं नीटची. गाणं काय, नंतरही करता येईल.”

शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना आपल्याकडे दहावीत अतिरिक्त गुण मिळतात. ते असावेत की नसावेत, हा वाद दर निकालाला रंगतो. एक बाजू म्हणते, गुणांमुळे का होईना मुलं तानपुऱ्यापाशी बसतात. दुसरी म्हणते, कलेचा नुसता प्रमाणपत्रांचा बाजार झालाय. दोन्हींत तथ्य आहे. पण मुलीचं गाणं जिथून खरं सुरू व्हायचं, नेमका तिथेच हा वाद थांबतो, आणि मला त्याचंच दुःख आहे.

लिम दक्षिण कोरियातल्या शिहुंगचा. घरात कोणी संगीतकार नाही. सातव्या वर्षी जवळपासच्या क्लासमध्ये पियानो शिकू लागला, आपली मुलं पेटी शिकायला जातात तसाच. पुढे सोलच्या आर्ट्स सेंटरची अकादमी, आणि तेराव्या वर्षी कोरियाच्या राष्ट्रीय कला विद्यापीठाची, गुणी मुलांसाठी चालवलेली संस्था. हे विद्यापीठ सरकारी आहे. तिथे त्याला मिन्सू सोन हे गुरू भेटले. २०२२च्या जूनमध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरात त्याने पियानोची व्हॅन क्लायबर्न आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या स्पर्धेच्या साठ वर्षांत इतक्या लहान वयाचा विजेता झाला नव्हता. अंतिम फेरीत त्याने रखमानिनॉव्हचा तिसरा कन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची पियानोरचना, वाजवला. तो संपल्यावर वाद्यवृंदाच्या संचालक मरिन ऑल्सप यांनी डोळे पुसले, हे चित्रफितीत कोणालाही पाहता येईल.

मला मात्र त्या डोळ्यांपेक्षा आधीची पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. तेरा ते अठरा. आवाज, बोटं, कान, सगळं याच वयात घडतं. आपल्याकडे याच वर्षांत मुलीला सांगितलं जातं की नंतर कर. गाण्यातला ‘नंतर’ फार महाग असतो. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ते विसाव्या वर्षापर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हे सवाईच्या मंडपात बसणाऱ्यांना मी सांगायला नको.

इथे बॉस्टनमध्ये राहून मला आणखी एक गोष्ट दिसली. पाश्चात्य संगीत म्हणजे कागदावरची स्वरलिपी आणि गुरुपरंपरा फक्त आपली, असं आपण सर्रास म्हणतो. ते खरं नाही. सोन २०२३मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात शिकवायला आले, आणि लिम त्यांच्यामागे इथे आला. स्पर्धा जिंकून जगभर बोलावणी सुरू झालेला मुलगा पुन्हा गुरूसमोर बसला. सोन स्वतः याच संस्थेत रसेल शर्मन यांच्याकडे शिकले, शर्मन एडुअर्ड श्टॉयरमन यांच्याकडे, श्टॉयरमन पियानोवादक बुसोनींकडे. आणि हे बुसोनी १८९१मध्ये याच बॉस्टनच्या संस्थेत शिकवायला होते. याला घराणं नाही तर काय म्हणायचं? सोन यांनी ‘गोल्डबर्ग’ ध्वनिमुद्रित केलं आहे, आता शिष्य तेच घेऊन बसला.

आणि तेही कार्नेगीत! २०२४च्या फेब्रुवारीत तिथल्या पहिल्या एकल मैफिलीत त्याने शोपँचे चोवीस एट्यूड, म्हणजे सरावासाठीच्या छोट्या रचना, वाजवले, ज्यात बोटांचं कसब सगळ्यांना दिसतं. महिन्याभरातच हाताला ताण येऊन त्याला काही मैफिली रद्द कराव्या लागल्या. आता बाख. एक आरिया, म्हणजे मूळ धून, तिची तीस रूपं, शेवटी पुन्हा तीच आरिया. वरची धून टिकत नाही, टिकतो तो खालच्या मंद्र स्वरांचा बत्तीस मात्राखंडांचा पाया. एकाच पायावर सव्वा तास बढत. शिवाय रचना हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या, वर-खाली दोन कीबोर्ड असलेल्या वाद्यासाठी, त्यामुळे पियानोच्या एकाच कीबोर्डवर दोन्ही हात एकमेकांच्या वाटेत येतात. सहज टाळ्या घेता येतील अशा जागा फार थोड्या. एकविसाव्या वर्षी हे निवडावंसं वाटणं, मला वाटतं, त्या पाच वर्षांतूनच आलं.

कोरियाचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला-दुसरा येणाऱ्या कलाकाराला तिथे सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. हे आपल्या अतिरिक्त गुणांचंच मोठं भावंड, आणि त्यापायी मुलं स्पर्धांमागे धावतात. अमेरिकेचं कौतुक तर त्याहून जपून करावं, कारण इथल्या कॉन्झर्व्हेटरीची वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या वर आहे. पण त्याच संस्थेच्या जॉर्डन हॉलमध्ये विद्यार्थ्यांच्या कितीतरी मैफिली फुकट असतात. डबा घेऊन आलेल्या आजी, शाळेतली पोरं, सगळे शांत बसून ऐकतात. असं रोजचं ऐकणं आपल्या तालुक्याच्या गावात होऊ शकतं, त्याला डॉलर लागत नाहीत.

गुण ठेवा किंवा काढा. त्याआधी अकरावीच्या वेळापत्रकात गाणाऱ्या मुलीला तास कुठे आहे ते दाखवा. सरकारला कला महाविद्यालय काढायचं असेल तर ते बाराव्या-तेराव्या वर्षी दार उघडणारं असू द्या, पदवीच्या वयात नको.

ताईला मी सध्या एवढंच विचारलंय: रविवारी सकाळचा एक तास. भाचीच्या बाई फी न घेता शिकवायला तयार आहेत. तानपुरा अजून दिवाणखान्यातच आहे. ताईने हो म्हटलेलं नाही, पण तो माळ्यावरही टाकलेला नाही.